कळ यायच्या आत

जळगावच्या सराफ बाजारात पहाटे चारला
बाबा गटार झाडायचे.
दुकानांपुढची धूळ, पायऱ्यांच्या फटीतली माती,
कारागिरांनी हात धुतलेलं पाणी,
सगळं परातीत.
मी बॅटरी धरायचो.
परात फिरायची, गाळ काठावरून निघून जायचा,
तळाशी काळं काहीतरी उरायचं.
त्यात पारा सोडला
की तो बरोबर ओळखीच्याच कणाला जाऊन बिलगायचा.
आठ दिवसांच्या धुळीतून एखादी गुंज.
कधी तीही नाही.

आता मी फैजपूरला रक्त घेतो.
केळीच्या गोदामात शिबिर, पन्नाशीपुढच्यांचं,
ज्यांना काहीही झालेलं नाही अशांचं.
हे समजावण्यातच दुपार होते.
"मले काई दुखत नई, मंग रगत कायले?"
सुपडाबाई फालक, वय एकसष्ट.
बाही वर करून बसली आहे, तरी भांडते आहे.
तिच्या आधीची तीन गेली, म्हणून हिला
जन्मताच सुपात घातली, तेच नाव पडलं.
"एकडाव सटवीनं पाखडलं मले, आन् ठेवलं.
आता तू पाखड."

मी सांगतो, मावशी, गाठ असलीच कुठे
तर ती गप्प बसत नाही.
तिच्या पेशी झडतात,
त्यांचे बारीक तुकडे रक्तात सांडतात,
सोनाराच्या हातून कण सांडावेत तसे.
आपण दुकानात शिरत नाही,
गटार चाळतो.
(हे शेवटचं मी मनातच ठेवलं.)

नळी यंत्रात फिरते, परातीपेक्षा फार जोरात.
लाल खाली बसतं.
वर कडब्याच्या रंगाचं पाणी.
ते बर्फात, बर्फ डब्यात,
डबा रात्रीच्या पुण्याच्या गाडीत.
बाहेर पंचेचाळीस. ड्रायव्हरला मी दोनदा बजावतो.
तो विचारतो, मासे आहेत का?

तीन आठवड्यांनी कागद आले. एकशे बारा.
एकशे नऊ कोरे.
कोरा म्हणजे निरोगी नव्हे,
असं मी प्रत्येकाला सांगतो
आणि प्रत्येक जण मला पेढा देतो.
तिघांपुढे लिहिलेलं: संकेत आढळला.
एकाच्या आतड्यात निघाली, हरभऱ्याएवढी.
काढली. परवा तो भरिताच्या पार्टीत
वांगी भाजताना दिसला, काटक्यांच्या धुरात, खोकत.
दुसऱ्याला कागदाने उगाच घाबरवलं.
त्याची बायको माझ्याशी अजून बोलत नाही.
तिसरी सुपडाबाई.
तिचे सगळे फोटो काढून झाले, आडवे, उभे.
काही नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा.

"म्हंजे हाय का नई?"
माहीत नाही, मावशी.
पारा बिलगला आहे. कशाला,
ते अजून दिसत नाही.

बाबांच्या वेळी सगळं दिसत होतं.
गालातली जखम बाहेरून दिसू लागली तेव्हा
डॉक्टरांना नळी लागली नाही, चष्माही लागला नाही.
जन्मभर दुसऱ्यांचं सांडलेलं हुडकणारा माणूस
स्वतःचं लपवत राहिला,
तंबाखूच्या पुडीमागे, दोन वर्षं,
आणि मी समोर बसून जेवत होतो.

सुपडाबाईने ऐकून घेतलं. उठली.
ताट आणलं: कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा फोडलेला.
कळ यायच्या आत कळावं
एवढंच म्हणणं होतं माझं,
आणि समोर कळणा वाढलेला, गरम,
फुंकर घालत मी तोडत बसलो.
"पोळ्याच्या आंगेमांगे येजो," ती म्हणाली,
"रगत नेजो. खापरावरचे मांडे करीन, ते खाजो."

निघताना तिने हात पुढे केला,
सुई कुठे टोचली होती ते दाखवायला.
जागा निळी नव्हती, सुजलेली नव्हती,
डागसुद्धा नव्हता.
तरी मी अंगठ्याने
जरा वेळ दाबून धरली.